दुसऱ्या हाताचं नाव

बावीस वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकच वस्तू मागत आलेय. शेवटचा मसुदा. छापील लेख नव्हे, त्याच्या आधीचा. परीक्षकांनी चुका दाखवून झाल्या, लेखकाने त्या दुरुस्त करून झाल्या, पण मासिकाने अजून आपल्या पानांवर मांडला नाही, असा. तेवढाच आम्हाला आमच्या खुल्या भांडारात ठेवता येतो आणि मग तो जगात कुणीही, काही न देता, वाचू शकतो. छापील प्रत मासिकाची. ती कुलपात. संशोधन लोकांच्या करातून होतं, लेखक फुकट लिहितो, परीक्षक फुकट तपासतो, आणि वाचणाऱ्याने दार ठोठावलं की आतून किंमत सांगतात. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की मला येताना पाहून प्राध्यापक जिना बदलतात. छापील प्रत चौकटीत लावून ठेवतील, मसुदा कुठे म्हटलं की छताकडे बघतील.

लेम्पी तुरुनेनचा फोन आला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. खिडकीबाहेर सगळं निळसर होतं, आणि नदी कुठे संपते, धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"तू ती कुलपं उघडणारी बाई का गं?" पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण खणखणीत.

"उघडत नाही हो. किल्ल्या शोधते. मी सिर्का."

"तेच ते."

बाई शहाऐंशी वर्षांच्या. हेपोलाहती गावच्या, हेपोयार्वी तळ्याच्या काठच्या. त्यांचे वडील ईनोक दर वसंतात काठावर खुर्ची टाकून बसत आणि तळ्यावरचा बर्फ कोणत्या दिवशी गेला, आधी कुठे तडकला, कसा वाजला, ते वहीत लिहीत. त्रेचाळीस वर्षं. गावातले बाकीचे पुरुष त्या दिवसांत जाळी दुरुस्त करत, होड्यांना डांबर लावत. ईनोकला ते 'बर्फाचा राखणदार' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ओइवा ह्युवारिनेन नावाचा आमचा एक प्राध्यापक गावात आला, तेव्हा लेम्पीबाईंनी वही त्याच्या हातात दिली. आणि आता भाचीच्या मुलीला फोनवर लेख सापडला होता. हेपोयार्वीच्या बर्फावरचा, २००९ सालचा.

"मी गावच्या सभागृहात, रविवारच्या कॉफीला, सगळ्यांसमोर सांगितलं," लेम्पीबाई म्हणाल्या. "माझा बाप विज्ञानात गेला म्हणून. शेजारच्या कौकोने तिथल्या तिथे फोन काढला. पहिला परिच्छेद दिसतो, पुढे पैसे भरा म्हणणारी भिंत. म्हणतो कसा, लेम्पी, तुझ्या बापाला आत कोंडलंय की तो आत नाहीच, कसं कळायचं? सगळे हसले. त्याचा बापसुद्धा असाच हसायचा."

"मी कुठून तरी मागवते, वाचते आणि नाव आहे का ते तुम्हाला सांगते."

"मला कशाला सांगतेस? माझं काय आज आहे उद्या नाही. त्यांना वाचता आलं पाहिजे. कौकोला, त्याच्या बायकोला. कुणाला न विचारता, आपापल्या स्वयंपाकघरात बसून."

खुल्या प्रकाशनावर मी आजवर चाळीसेक भाषणं दिली असतील. एकातही मला ते इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

मग माझ्या हातून चूक झाली. ओइवा निवृत्त होऊन वृद्धाश्रमात गेला होता, त्याचा संगणक केव्हाच भंगारात. निवृत्तीच्या दिवशी त्याने माझ्या कागदावर सही करून ठेवली होती, 'माझं जे सापडेल ते खुलं करा', पण सापडलं काहीच नव्हतं. दुसऱ्या ग्रंथालयातून आलेली छापील प्रत तेवढी माझ्यापुढे होती. तिची फक्त पहिली ओळ वाचली आणि जी गोष्ट केल्याबद्दल मी तरुण संशोधकांना झापते, तीच केली. छापील प्रतच भांडारात चढवली. एवढ्या जुन्या लेखाकडे कोण बघतंय, असं स्वतःला सांगितलं. लेम्पीबाईंना फोन करून सांगितलं की रविवारी सगळ्यांना दाखवा.

शुक्रवारी प्रकाशकाचं पत्र आलं. दोनच ओळींचं, आणि दोन्ही बरोबर होत्या. मी लेख भांडारातून काढला. लेम्पीबाईंचा फोन शुक्रवारी लागला नाही, शनिवारीही नाही. रविवारी कौकोने सभागृहात, सगळ्यांच्या कॉफ्या मध्येच थांबवून, मोठ्याने वाचून दाखवलं, 'हा लेख काढून टाकण्यात आला आहे.'

लेम्पीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सोमवारी फोनवर एवढंच म्हणाल्या, "राहू दे, सिर्का. माझ्या बापाला सवय आहे."

ते 'राहू दे' मला आठवडाभर पुरलं. स्वप्नातही आलं. स्वप्नात मी एका तळ्यावरून चालत होते. बर्फ काळा, नितळ, आणि त्याच्या खाली पानं पसरलेली, आकाशाकडे तोंड करून, जिथवर नजर जाते तिथवर. मी गुडघ्यांवर बसून वाचायला लागले. शीर्षकं वाचता येत होती, पहिल्या ओळीही. पण प्रत्येक पानाच्या तळाशी कुणाचं तरी नाव होतं, आणि नेमकं तिथे दव जमलेलं. मी बाहीने पुसत होते. दव खालच्या बाजूला होतं. सकाळी उठले तर उजवा हात खरोखर दुखत होता.

त्या दिवशी ओइवाकडे गेले. त्याची खोली नदीच्या बाजूला. तो खिडकीशी बसला होता, मांडीवर हात, आणि त्याच्या डोक्यात २००९चा मार्च चालू होता, हे मला दोन वाक्यांत कळलं.

"ओइवा, हेपोयार्वीच्या लेखाचा तुझा मसुदा कुठेय रे?"

"छापू नका अजून," तो म्हणाला. "त्या बाईचं उत्तर आलं नाही."

"कुठल्या बाईचं?"

"वहीवाल्या. तिला सगळं पाठवलंय. उत्तर आलं की शेवटची ओळ बदलायचीय." तो बाहेर बघू लागला. धुक्यातून एक माणूस बर्फावरून स्की करत गेला, जरासुद्धा आवाज न करता. "तळं आहे ना अजून?"

"आहे."

"आणि बर्फ?"

"आहे."

"मग वेळ आहे," असं म्हणून त्याने डोळे मिटले.

बिचाऱ्याचं काहीतरीच, असं मनाशी म्हणत मी निघाले. पुलाच्या मध्यावर आल्यावर पाय थांबले. सगळं पाठवलंय, म्हणाला. लेम्पीबाईंनी वही दिल्याचं सांगितलं होतं. परत आली का, हे मी विचारलंच नव्हतं.

हेपोलाहतीची बस दोन तास घेते. वाटेत झाडं यायची आणि धुक्यात परत जायची. बसमध्ये मी आणि चालक दोघेच, आणि तोही झोपेत चालवतोय असं वाटावं इतका शांत. उतरले तेव्हा लेम्पीबाई फाटकाशी उभ्या होत्या. लहानखुऱ्या, पायात जाड लोकरीचे मोजे. कॉफी झाली, वेलचीचा पाव झाला. मग मी विचारलं.

"वही परत आली होती का हो?"

त्या साखर घेत नव्हत्या, तरी कप ढवळत राहिल्या. मग उठल्या. "चल."

घरामागे, काठाला लागून, त्यांचा सौना होता, वाफेच्या आंघोळीची लाकडी झोपडी. बाहेरच्या खोलीत सरपणाची पेटी, पेटवणासाठी भूर्जाच्या साली आणि जुनी वर्तमानपत्रं. लेम्पीबाईंनी वर्तमानपत्रं बाजूला केली. तळाशी एक जाड पिवळं पाकीट होतं. विद्यापीठाचा शिक्का असलेलं, चिकटवलेलं, न उघडलेलं.

"पंधरा वर्षं?" मी म्हटलं.

"दर शनिवारी वरचे पेपर जाळते. याच्यापाशी आले की हात थांबतो."

"पण उघडलं का नाहीत?"

त्या बाकावर बसल्या. "सहासष्ट साली बापाचे डोळे गेले. तरी काठावर बसायचा. तो ऐकायचा, मी बघायचे आणि लिहायचे. नऊ वर्षं. अक्षरसुद्धा त्याच्यासारखं तिरकं काढायचे. कुणाला सांगू नको म्हणाला. डोळे असलेल्या माणसाला हसतात, आंधळा राखणदार म्हटल्यावर काय करतील? मग हे एवढं जाड पाकीट आलं. मला कळलं, वही परत केली. पकडलं म्हटलं. अक्षर ओळखलं, खोटी ठरवली. ते वाचायचं नव्हतं मला."

"मग गावात सांगितलंत कसं?"

"लेख निघाला असं कळलं, तेव्हा वाटलं, नसेल पकडलं. तरी पाकिटाला हात लावायची हिंमत होईना." मग त्यांनीच कोनाड्यातली सुरी काढून माझ्या हातात दिली. "तूच उघड. आणि वाईट असेल तर भराभर वाच."

आत वही होती, करड्या कापडाच्या बांधणीची. चोवीस टंकलेली पानं होती आणि एक पत्र. मी आधी पानांवरची तारीख पाहिली. लेख स्वीकारला गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. परीक्षकांच्या दुरुस्त्या झालेल्या, मासिकाचा अजून हात न लागलेला. शेवटचा मसुदा. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

"रडतेस काय," लेम्पीबाई म्हणाल्या. "कागद भिजतील. वाच."

मी पत्र वाचलं. ओइवाने लिहिलं होतं, 'वही साभार परत करत आहे. १९६६पासून वहीत दुसरा हात दिसतो. शेजारच्या तळ्याच्या सरकारी नोंदींशी मी तो ताडून पाहिला. पहिल्या हाताइतकाच चोख आहे, आणि आवाजांच्या नोंदी तर अधिक बारीक. हा हात कुणाचा? नाव कळवलंत तर लेखाच्या शेवटच्या ओळीत घालीन. उत्तर आलं नाही तर ओळ आहे तशी जाईल.'

मग मी लेखाचं शेवटचं पान काढलं आणि इंग्रजीतली ओळ आमच्या भाषेत करून सांगितली. "आभार ईनोक तुरुनेन यांचे, ज्यांनी बर्फाकडे लक्ष दिलं. आणि वहीतल्या दुसऱ्या हाताचे, ज्याचं नाव मला कळू शकलं नाही."

 बाहेर तळ्यावरच्या बर्फाने लांबलचक हुंकार दिला, या काठापासून त्या काठापर्यंत. लेम्पीबाईंनी मान किंचित कलती केली. "जायला अजून महिना आहे," म्हणाल्या. मग, "ती ओळ आता बदलते का गं?"

"नाही. मसुदा आहे तसाच ठेवावा लागतो."

"मग राहू दे."

"ते राहू दे मला परत ऐकवू नका," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "लेखाच्या आधी एक पान असतं. ते आमचं, ग्रंथालयाचं. शीर्षक, लेखक, साल. त्यात एक रकाना असतो, इतर सहभागी. कुणी भरत नाही, पण तो माझ्या हातात आहे. मला फक्त उत्तर लिहून द्या. पंधरा वर्षं उशिरा का होईना."

त्यांनी वहीच्या कण्यात अडकवलेली पेन्सिल काढली आणि पत्राच्या मागे लिहिलं. तिरकं, जपून. मी वहीचं १९७१चं पान उघडून शेजारी धरलं. तोच हात.

दुसऱ्या दिवशी ते पत्र ओइवाच्या मांडीवर ठेवलं. त्याने फार वेळ घेतला. बोट अक्षरांवरून एकेक करून फिरवलं.

"तीच होती तर," तो म्हणाला. "आता छापा."

मी टेबलाशी बसले आणि चोवीस पानं एकेक करून चढवली. कोणती आवृत्ती, असं यंत्राने विचारलं, तेव्हा उत्तर निवडताना हात जरासा थांबला, निव्वळ आनंदाने. मग सहभागींच्या रकान्यात दोन नावं घातली. ईनोक तुरुनेन. लेम्पी तुरुनेन. दोघांपुढे एकच काम लिहिलं, बर्फाच्या नोंदी. प्रकाशकाचे नियम तीनदा वाचले. या खेपेला सगळं नियमात होतं.

रविवारी दुपारी फोन वाजला. मागे कपबशांचा आवाज होता, पण बोलण्याचा नव्हता.

"सभागृहातून बोलतेय," लेम्पीबाई हळू म्हणाल्या. "कौकोने उघडलं. भिंत नाही. फोनच भाषांतर करून देतो म्हणे, तर त्याने मोठ्याने वाचलं, अगदी शेवटपर्यंत. बापाचं नाव आलं तेव्हा कुणी हसलं नाही."

"आणि पुढची ओळ?"

"ती वाचली आणि विचारतो, हा दुसरा हात कुणाचा गं, लेम्पी? मी म्हटलं, वर जा. पहिल्या पानावर बघ."

"मग?"

"बघतोय," त्या म्हणाल्या. "अजून मान वर केली नाही त्याने."