हामच्या हातातली मूठ

हाम दोयुनचा मला रागही यायचा आणि लळाही लागला होता. दक्षिण कोरियात, आमच्या देगू शहरात त्याच्या आईचं कॉम्प्युटर गेमचं दुकान. पोरगं तिथेच नूडल्स खात आणि पडद्यावरचे शत्रू मारत वाढलं. आता त्याला रणगाड्याचा कमांडर व्हायचं होतं, आणि शिकवणार कोण, तर मी.

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली रणगाड्यात, त्याचा हात भलताच चलाख. कमांडरकडे एक मूठ असते. ती दाबली की तोफचीकडून तोफेचा ताबा काढून घेऊन स्वतः डागता येते. हाम सारखी तीच दाबायचा. तोफची म्योंग हाताची घडी घालून बसलेला, चालक बोंग्सूला कुठे जायचं ते कुणी सांगत नाही, आणि रणगाडा दर वेळी नाल्यात.

"अरे, तुला तोंड दिलंय की नाही?" मी खेकसायचो.

"सर, सांगत बसण्यापेक्षा मीच मारून मोकळा होतो."

"मग बाकीचे काय तिकीट काढून बसलेत?"

दोनदा नापास झाला. आता पुन्हा झाला की रवानगी थेट शिध्याच्या कोठारावर. त्याने रणगाड्यासोबतचा फोटो आईला आधीच पाठवून दिलाय, हे बोंग्सूने मला सांगितलं.

शेवटची परीक्षाही सिम्युलेटरवरच होती; तिच्यात मी नियंत्रण कक्षातून त्याची मूठ बंद करून टाकली. परीक्षकांना सांगून, मुद्दाम.

पुलापलीकडे शत्रूचा रणगाडा दिसला. हामने मूठ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. माझ्या हेडफोनमध्ये नुसता त्याचा श्वास. बोल रे बाळा, मी पुटपुटलो.

"दादा, मागे! झाडीत घ्या! ओ बोंग्सूदादा, ऐकताय ना?"

बोंग्सू वयाने मोठा, पण हुद्द्याने त्याच्या खालचा. अशाला दादा म्हणणं आमच्या सैन्यात चालत नाही. परीक्षकांनी भुवया उंचावल्या.

"राहू द्या हो," मी म्हटलं, "पोरगं बोलतंय."

रणगाडा मागे सरकला. शत्रूचा गोळा रिकाम्या जागेवर पडला.

"म्योंग, पुलाच्या उजवीकडे बघ. दिसला? मार!"

म्योंगने पहिल्याच गोळ्यात उडवला.

हाम घामाघूम होऊन बाहेर आला आणि ताठ उभा राहिला. डोळे भरलेले.

"सर, मूठ चाललीच नाही. मी एकही गोळा डागला नाही."

मी परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"म्हणूनच पास झालास," मी म्हटलं.

 तो मागे वळला आणि मागोमाग उतरलेल्या बोंग्सू आणि म्योंगसमोर कमरेतून वाकला.