रिकामा म्हणून सील केलेला तुरुंग

मी तुरुंग बोलतोय. कोल्हापुरातला मोठा, नावाजलेला नव्हे. आजऱ्याच्या वाटेवरच्या एका जहागिरीचा. गावाचं नाव सांगणार नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते पंच अजून हयात आहेत आणि गावात त्यांना मान आहे.

जहागीरदारांच्या आजोबांनी मला बांधलं, असं माझ्या दारावरच्या पाटीत कोरलं आहे. ते खोटं आहे. मला बांधलं वेठीला धरलेल्या कुणब्यांनी. जांभ्याचे चिरे त्यांनी खांद्यावरून आणले, मजुरी कुणाला मिळाली नाही. पुढं त्यांच्याच घरची माणसं माझ्यात येऊन बसली.

माझा शेवटचा कैदी पिराजी. त्याचा गुन्हा ऐका. ऐन पेरणीत जहागीरदारांची शिकार निघाली. सामान वाहायला गाडी-बैल मागितले. पिराजी म्हणाला, "बैलं पेरायच्या कुरीला जुपल्यात. द्यायची न्हाईत." झालं. शिक्षा सुनावली: सरकारांचा राग उतरेपर्यंत कैद. माझ्या भिंतींनी अनेक शिक्षा ऐकल्या होत्या, पण सहा महिने नाही, वर्ष नाही, नुसता राग, असं माप पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात एकोणपन्नास साल उजाडलं. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. गावात पेढे वाटले. जहागीरदार सामान बांधून पुण्याला गेले. पिराजी आतच.

त्याची बायको बाळाबाई रोज भाकरी घेऊन यायची. पहाऱ्यावरच्या केरबा शिपायाला तिनं विचारलं, "सरकारच गेलं न्हवं? आता राग कुनी उतरायचा?"

केरबाचा पगार थांबला होता, पण अंगातली खाकी त्याच्यानं काढवत नव्हती. तो म्हणाला, "हुकमाशिवाय कसा सोडू, आक्का? कोल्हापुरास्नं हुकूमच आनतो की." आणि जाताना त्यानं माझ्या मोठ्या दाराची किल्ली तिच्याच हातात दिली. "भाकर-पानी बघ त्येचं. पर त्येला पळवू नगंस. माझं घर बसंल."

"शब्द दिला," बाळाबाई म्हणाली. तिनं तो पाळला. कैद्याच्या बायकोच्या कमरेला तुरुंगाची किल्ली, आणि कैदी आत! अशी इमानदारी मी कुठल्याही कचेरीत पाहिली नाही.

ती शेताकडं गेली असताना तालुक्याचा कारकून आला. नव्या सरकारला जुन्या इमारती ताब्यात घ्यायच्या होत्या. चैत्रातलं ऊन होतं. माझ्या समोरच जोतीरामचं चहाचं दुकान. कारकून तिथं सावलीत बसला आणि पंचनामा तिथंच लिहिला: इमारत पाहिली, रिकामी आहे. पंच म्हणून शाळेच्या त्र्यंबक मास्तरांनी सही केली, मग जोतीरामनं. कपबशी खाली ठेवून तिघं आले, माझ्या दाराला नवं कुलूप घातलं, लाख वितळवून मोहोर उठवली.

आतून पिराजी ओरडला. तिघांनी ऐकलं. मी पाहत होतो, तिघांचे हात थबकले. कारकून म्हणाला, "पंचनामा झालाय." बस्स.

बाळाबाई आली तेव्हा माझ्या पोटातला माठ कोरडा पडला होता.

"मास्तर, माझा धनी आत हाय की! ह्ये कुलूप कुनाला लावलं?"

"बाई, इमारत रिकामी आहे. तसं लिहिलं आहे."

"मग आत बोंबलतंय कोन? भूत व्हय?"

जोतीराम नजर चुकवत म्हणाला, "सही झालीया आता. सील आमच्यानं तोडवत न्हाय. कोल्हापुरास्नं हुकूम याय पायजे."

"तुमच्या सहीला तान लागत न्हाय, जोतीरामदा. मानसाला लागती."

तिनं लुगड्याचा पदर फाडला, पाण्यात भिजवला, कळकाच्या टोकाला बांधून कोठडीच्या मागच्या उंच, अरुंद झरोक्यातून आत सारला. पिराजीनं तो चोखला. पुन्हा भिजवला, पुन्हा सारला. माझा जांभा तव्यासारखा तापला होता. हळूहळू कळक ओढणारा हात ढिला पडला. मग त्यानं कळक ओढलाच नाही.

बाळाबाईनं एकदा हाक मारली. दुसरी मारली नाही. समोरच्या दुकानात माणसं बसली होती, त्यांच्यादेखत तिनं पहार आणली आणि ते सील, ते कुलूप, कोयंड्यासकट उपटलं. आतल्या खुंटीवरच्या किल्लीनं कोठडी उघडली. पिराजीला काखेत धरून अंगणात आणलं, तोंडावर पाणी मारलं. तो श्वास घ्यायला लागला तेव्हा मीही घेतला.

आता कायदा धावत आला. सरकारी सील तोडलं! कारकुनानं पुन्हा पंचनामा लिहिला, पंचांनी पुन्हा सह्या केल्या. पिराजी कागदावर आत नव्हताच, म्हणून त्याला धरायचा प्रश्न आला नाही. बाळाबाईला मात्र धरलं. ठेवायचं कुठं? गावात गज असलेली जागा एकच. मला तुरुंग म्हणून बंद केलेल्या माणसांनी तिला माझ्यातच कोंडलं. नव्या राज्यातली माझी पहिली कैदी. बाहेर भाकरी घेऊन आता पिराजी बसला.

दुसऱ्या दिवशी केरबा प्रांतसाहेबांना घेऊनच आला. साहेबांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला. "बाई, सोडलं तुम्हाला. घरी जा."

बाळाबाई उठली नाही. "आदी पंचांस्नी आत धाडा. बगितल्याबिगर सह्या केल्यात न्हवं? आता बगू द्या."

"आक्का, ऊठ की," केरबा कळवळला. "सायेब हायेत."

"असू देत."

साहेबांनी मास्तरांकडं नुसतं पाहिलं. मास्तर धोतर सावरून, नाकाला रुमाल लावून वाकून आत आले. मागं जोतीराम. कोठडीत तिघं जेमतेम मावले.

"सांगा मास्तर. हितं मानूस हाय का न्हाय?"

मास्तर रुमालाआडून पुटपुटले, "आहे."

"भाईर ऐकू न्हाय गेलं."

"आहे!" मास्तर ओरडले.

मग ती उठली.

आज मी खताचं गोदाम आहे. पुढच्या महिन्यात मला पाडणार आहेत. बांधकाम खात्यानं अंगावर चुन्याच्या खुणा केल्यात. पाडा. माझ्यासाठी कुणी हळहळू नका. पण तालुक्याला नवी कोठडी होते आहे, सिमेंटची, विजेच्या दिव्याची. तिच्या कागदावर सही करायला उद्या तुम्हालाच बोलावतील. तेव्हा पेन खिशातच ठेवा आणि आधी आत जाऊन या.