अक्षरावरची फुंकर

आमच्या घराण्यातल्या पुरुषांची छाती कच्ची, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आजोबा एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, काका अडतिसाव्या, बाबांनी ओढूनताणून पन्नाशी गाठली. भेटायला येणारे म्हणायचे, "वारशातच आलंय, कोण काय करणार?" नाक येतं, टक्कल येतं, तसा खोकला आला, असं आम्हीही धरून चाललो.

दुसरा वारसा दगडात अक्षरं कोरण्याचा. घरांच्या पाट्या, गेलेल्यांच्या नावाचे दगड. आमचं काम लोक लांबून ओळखायचे. पाण्याने भुकटीचा चिखल होतो आणि रेघ बुडते, म्हणून आमच्याकडे कोरडंच कोरायचं. चार ठोके, मग वाकून अक्षराच्या पोटात फुंकर. ब्रशसुद्धा चालायचा नाही. ब्रशाने अक्षराची कड मरते, असं बाबा म्हणायचे. फुंकर शिकायची मुलग्यांनी. मी कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचे, तोही बाहेर पायरीवर बसून.

दादाने ती रीत मोडली. त्याला एकुलती एक मुलगी, आमची टिचकी. सातव्या वर्षी त्याने तिच्या हातात छिन्नी दिली. आज ती तेवीस वर्षांची आहे आणि तिची कड बाबांपेक्षा सरस आहे. आयुष्यात एक गोष्ट धड केली, असं दादा सगळ्यांना सांगायचा.

गेल्या वर्षी दादाच्या नाकाला नळी लागली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरातल्या बायकांनाही हा त्रास?"

"छे! आजी ब्याऐंशीची होऊन गेली. आई अजून माझ्या चुका काढते."

"बायका कोरायच्या का?"

"नाही. आम्ही फक्त रंग भरायचो, तोही बाहेर बसून."

"तुमच्या रक्तात काही नाही," त्या म्हणाल्या. "धूळ आहे ती. मुलीच्या छातीचाही फोटो काढा."

टिचकीच्या फोटोत बारीक ठिपके होते, चाळणीतून पीठ सांडल्यासारखे. आत्ताच थांबली तर कदाचित वाढणार नाहीत. कदाचित.

टिचकी ऐकेना. "मग काय करू, आत्या? तुझ्यासारखा रंग भरू?"

"तो भरूनच पन्नाशीला आलेय, बाई."

ती ऐकणार ती फक्त बापाचं. म्हणजे आधी बापाला सांगायला हवं होतं. दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसून नुसती मोसंबी सोलली. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

दादाने नाकातली नळी जरा बाजूला सरकवली.

"आधी तिला फुंकर जमायची नाही," तो म्हणाला. "थुंकी उडायची. मी ओरडायचो. छातीतून मार, म्हणायचो. छातीतून."

मी त्याचे पाय दाबत राहिले. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी त्याने तिला बोलावलं. "माझा दगड तूच कोर. पण दगडावर पाणी सोडत."

"बाबा, अक्षर घाण येईल!"

"येऊ दे. कोणी हसलं तर सांग, बापाने नीट शिकवलं नाही."

ती रडली, भांडली, शेवटी हो म्हणाली. महिन्याभरात तो गेला.

दगड आम्ही दोघींनी मागच्या अंगणात घेतला. तिने तोंडाला ओला फडका बांधला, मी झारीने पाण्याची धार धरली. चिखलात रेघ बुडत होती, छिन्नी चुकत होती. दादाच्या नावाचं पहिलं अक्षर पोक काढून उभं राहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही.

शेवटच्या अक्षराशी माझी झारी रिकामी झाली. मी भरायला वळले. तेवढ्यात ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन, चार. वळून बघते तो फडका हनुवटीवर उतरलेला, मान खाली आणि ओठांचा चंबू झालेला.

झारी टाकून मी मधे हात घातला. फुंकर माझ्या तळव्यावर आली. गरम, लांब, थेट छातीतून. आणि तिच्या मागोमाग एक लहानसा खोकला.

"सवय गं, आत्या," ती म्हणाली.

मी हात काढला नाही.