बुडालेल्या कप्तानाचा कोट

आमच्या ह्यांना चारचौघांत न्यायची सोय नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाला वाकडं बोलणं नाही. पण दुसऱ्याच्या अंगावरचा डाग म्हणून त्यांना बघवत नाही. खिशात कायम ओला रुमाल. लग्नात सगळे नवरा-नवरीकडे बघतात, हे व्याह्याच्या कॉलरकडे. "जरा मान वर करा हं," म्हणतात आणि परक्या माणसाची छाती चोळायला लागतात. तो बिचारा गांगरून उभा राहतो, त्याला वाटतं हाही एखादा विधीच असेल. माझ्या भाचीच्या लग्नात तिच्या सासूच्या बाहीशी हे इतके भिडले, की त्या घराशी आमचं अजून धड बोलणं नाही.

आमचं लाँड्रीचं दुकान. धुणं ह्यांच्याकडे, इस्त्री सुनेकडे, आणि सुईदोरा, गिऱ्हाईक अन् तोंड माझ्याकडे. शाळेत मी फार टिकले नाही, पण कोटाचे खिसे बघून त्या घरात कुणाचं चालतं ते सांगते.

दुकानासमोर ते भलंमोठं सभागृह. उन्हाळा लागला की शहराच्या अंगात येतं. घरी बसून घाम गाळायचा सोडून माणसं गाडीभाडं खर्चून इथे येतात आणि गर्दीत घाम गाळतात. दातांच्या डॉक्टरांचं संमेलन झालं, तर निम्म्यांच्या टायवर चॉकलेट. जादूगारांच्या संमेलनात एकाने कोट इस्त्रीला टाकला, सुनेने बाही दाबली आणि आतून कबूतर बाहेर आलं. सून त्या दिवसापासून प्रत्येक कोटाला आधी "कोण आहे?" विचारते. बँडवाल्यांचा महोत्सव असला की ढोलाच्या दणक्याने टेबलावरची इस्त्री आपली आपण चालायला लागते. मोठी माणसं म्हणतात, शहराचं नाव होतं. होऊ दे की. आमच्या गच्चीवरच्या चादरींवर रंगीत कागदाच्या टिकल्या पडतात, त्या वेचायला शहर येत नाही, मीच जाते.

यंदा बँडवाले आणि सोंगवाले एकाच वेळी आले. सोंगवाले म्हणजे राक्षस, राण्या, भुतं असं काहीबाही बनून फिरणारी मोठमोठी माणसं. आदल्या संध्याकाळी त्यातलीच एक मुलगी दुकानात आली. काडीसारखी बारीक, बोटांवर सुयांच्या खुणा. तिने टेबलावर जे टाकलं, ते मला आधी मेलेलं जनावर वाटलं.

"काकू, हा कोट आहे," ती म्हणाली. "बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाचा. याचा खांद्यावरचा चामडी पट्टा निसटलाय. माझ्या मशीनची सुई चामड्याला मोडली. तेवढा पट्टा शिवून द्याल?"

"आणि हे शेवाळं?"

"ते केलंय मी," ती फुशारून म्हणाली. "वर्षभर! मिठात भिजवला, मातीत पुरला, खिळ्यांवर गुंडाळून ठेवला."

"माझ्या सुनेला सांगू नकोस. तीही धुणं असंच मुरवत ठेवते."

आतून सून म्हणाली, "आई, ऐकू येतंय मला."

"तुलाच ऐकवतेय."

मुलगी हसली, पण तिचे हात कोटावरून निघेनात. मग सगळं सांगितलं. दिवसभर ती एका कारखान्यात खोकी चिकटवते. उद्याच्या सोंगांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून नाटक कंपनीच्या कपडेपटाचे प्रमुख येणार. त्या कंपनीच्या दारातून दोनदा परत आली होती, पहारेकरी आतच सोडत नाही. उद्या मात्र तो माणूस मंचासमोर बसणार आणि त्याला तिचं काम बघावंच लागणार.

"नाहीतर मग खोकी, काकू. जन्मभर खोकी."

मी तिथल्या तिथे पट्टा शिवला आणि कोट खुंटीला अडकवला, कारण तिला उद्या दुपारी कामावरून परस्पर इकडेच यायचं होतं. ह्यांना हाक मारून सांगितलं, "अहो, या कोटाला हात लावायचा नाही. तो घाणच हवाय."

"बरं," हे म्हणाले. पण नजर कोटावर. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तशी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी पाहुण्यांचे कपडे पोचवायला हॉटेलाहॉटेलांत गेले. रस्ते मिरवणुकीसाठी बंद, त्यामुळे लांबून वळसा घालावा लागला. दुपारी परत आले तर हे दारात उभे. चेहऱ्यावर असं तेज, की घरात नातू झाला असावा.

"बघ," म्हणाले.

खुंटीला एक कोट होता. निळाशार, कडक, बटणं चमचमणारी. नवरदेवाने घालावा असा. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"तोच! अगं, इतका मळलेला कोट उभ्या जन्मात पाहिला नव्हता. गंज, शेवाळं, मीठ, सगळं एकाच जागी! पहाटे सुरुवात केली. गच्चीवर वाळवला. भोकंसुद्धा रफू केली, कळतात का बघ."

"सूनबाई, तू काय करत होतीस?"

"मी म्हटलं बाबांना, आई ओरडतील. ते म्हणाले, बघितल्यावर नाही ओरडणार."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती मुलगी आली. खुंटीकडे बघून म्हणाली, "माझा कोट कुठेय?" मग तिची नजर खांद्याच्या पट्ट्यावर गेली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिथेच जमिनीवर बसली आणि बाहीचं टोक हातात धरून नुसती बघत राहिली.

आणि हे म्हणतात कसे, "कौतुक नको हं बाळ. आवडीने केलंय."

"अहो," मी म्हणाले, "तोंड मिटा आणि आत जा."

मुलगी म्हणाली, "काकू, वर्ष लागलं होतं. स्पर्धा संध्याकाळी आहे."

"मग ऊठ. माझ्या दुकानात बसून रडायला जागा नाही, बाहेर मोप जागा आहे. आमच्या ह्यांनी साफ केलेलं घाण करायला मला वेळ लागणार नाही, सगळा जन्म त्यातच गेलाय माझा."

कोट उचलला आणि तरातरा रस्त्यावर गेले. मिरवणूक नुकतीच वळत होती. पुढे ढोल, मागे पिपाण्या, त्यामागे बांबूच्या उंच पायांवर चालणारी माणसं. मी कोट भर रस्त्यात पसरला आणि बाजूला झाले. म्हटलं, एवढे पाय गेले की कप्तान काय, त्याचं जहाजही मळेल.

कसलं काय! पुढच्या ढोलवाल्याने कोट बघितला आणि थबकला. काठी वर केली, अख्खा बँड दोन फाट्यांत विभागला आणि कोटाच्या दोन्ही बाजूंनी अदबीने गेला. बांबूवाल्यांनी पाय उचलून उचलून तो ओलांडला. एका पिपाणीवाल्याचा बूट काठाला लागला, तर त्याने वाजवणं थांबवून माझी माफी मागितली.

"माफी कसली मागतोस मेल्या, तुडव!" मी ओरडले. "तुडवा रे! घरी बायका नाहीत का, धुतलेल्या फरशीवरून बूट घेऊन कसे जाता?"

बघ्यांतल्या एका बाईने कोट उचलला, झटकला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "बाई, तुमचा पडला होता." भल्या माणसांसारखी अडचण नाही जगात.

शेवटी मीच उतरले. कोट पुन्हा पसरला, चपला घट्ट केल्या आणि नाचले. या वयात, या गुडघ्यांनी, भर रस्त्यात! लोकांना वाटलं हाही महोत्सवातलाच खेळ. टाळ्या पडल्या. मुलगी आली, सून इस्त्री बंद करून आली, मग दहाबारा अनोळखी माणसं आली आणि ढोलवाल्याने आमच्यासाठी वेगळा ठेका धरला. नाच मस्त झाला. पण कोट उचलून बघते तर नुसती धूळ. एका झटक्यात निघेल अशी.

"ही बुडालेल्या माणसाची घाण नाही," मुलगी म्हणाली. "ही घसरून पडलेल्याची आहे."

दुकानात परत आलो तर हे पाणी तापवायच्या बॉयलरपाशी बसलेले. चेहरा कसा, तर कुणाला स्मशानात पोचवून आल्यासारखा. त्या बॉयलरच्या तळाशी गंजाचा लाल काळा गाळ साठतो. दुकान काढल्यापासून ह्यांनी त्या गाळाचा एक थेंब कधी कापडावर पडू दिला नाही. त्याची तोटीसुद्धा फडक्याने बांधून ठेवलेली. ह्यांनी ते फडकं सोडलं.

"बाळ, कोट दे," म्हणाले. "पाणी कुठपर्यंत चढलं होतं तुझ्या कप्तानाच्या अंगावर?"

मुलीने छातीपाशी बोट ठेवलं.

मग ह्यांनी काम सुरू केलं. बटणांखाली गंजाचे ओघळ. कोपरांवर चहाचे डाग. काठाला राख. डाग कुठून आत शिरतो आणि कसा पसरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आपणच घातलेलं रफू आपल्याच हाताने उसवलं. मध्येच उजवा हात सवयीने रुमालाकडे जायचा, की डाव्या हाताने त्याला चापट मारायचे. मी काही बोलले नाही. सुनेने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं.

कोट उन्हात टाकला, संध्याकाळपर्यंत सुकला. आधीपेक्षा वाईट दिसत होता, म्हणजे चांगला.

सभागृहाच्या दारात पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. मुलगी आत गेली होती, आम्ही दोघं कामाच्या कपड्यांतच. "आज फक्त सोंग घेतलेल्यांनाच प्रवेश," तो म्हणाला. मग ह्यांचे गंजलेले हात आणि माझा धुळीने भरलेला एप्रन बघून विचारलं, "तुम्ही काय झालात?"

"लाँड्रीवाले," मी म्हणाले.

"वा! हुबेहूब!" म्हणाला आणि आत सोडलं.

मुलगी कोट घालून मंचावर आली तेव्हा आमच्या पुढच्या राक्षसाने मुखवटा काढून नीट बघितलं. कपडेपटाचे प्रमुख म्हणजे एक टकले, आंबट तोंडाचे गृहस्थ. ते खुर्चीवरून उठले, बाहीवरून नख फिरवलं.

"हा रंग नाही. खरा गंज आहे. कुणी धरवला?"

मी मनात म्हटलं, पोरी, आता खोटं बोल.

"मी नाही," ती म्हणाली. "माझा धुतला गेला. हा काकांनी धरवलाय." आणि सरळ आमच्याकडे बोट दाखवलं.

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. प्रमुखांचं तोंड आणखी आंबट झालं. "मग तुझं यात काय?"

पोरगी नुसती बाही चाचपत राहिली. तेव्हा आमचे हे उठले. चारचौघांत न्यायची सोय नसलेला माणूस, भर सभेत मोठ्याने म्हणाला, "साहेब, शिवण तिची! पहाटेपासून मी हा कोट ब्रशने घासलाय, पिळलाय. माझी बायको त्यावर नाचलीय. वजन बघून घ्या तिचं. एक टाका हलला असेल तर दाखवा."

लोक हसले. घरी गेल्यावर बघते, मी म्हटलं.

प्रमुखांनी कोट काढून घेऊन उलटा केला. अस्तर बघितलं, खांदा ओढून बघितला, पुन्हा ओढला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गंज शिकवता येतो. हे येत नाही. सोमवारी ये. आमच्या दारावरच्या पहारेकऱ्याला मी सांगून ठेवतो."

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, कुठल्याशा पंखवाल्या राणीला. मुलीला त्याचा पत्ताच नव्हता. ती उड्या मारत खाली आली आणि गंजासकट मला मिठी मारली. प्रमुखही मागोमाग आले, ह्यांचा हात हातात घेऊन गाळाचं विचारू लागले. त्यांच्या शर्टावर, अगदी पोटावर, आमटीसारखा काहीतरी पिवळा डाग होता. मला आधी ह्यांचा चेहरा दिसला, मग खिशाकडे निघालेला हात.

"जरा श्वास आत घ्या हं," हे म्हणत होते.

मी मनगट धरलं.

"अहो, तो रुमाल आत ठेवा. डाग काढणारे सतराशे साठ पडलेत, असा डाग पाडणारा एक माझ्याच वाट्याला आलाय. चला घरी. आणि वजनाचं काय म्हणालात, ते वाटेत परत सांगा."