वैजूचा नंबर

गोपीनाथ देऊसकरांनी पेढ्यांचा शेवटचा पुडा शेजारच्या तिवारींकडे पोचवला आणि घरात येऊन बघतात तो वैजयंती आलेली. बॅगही न उघडता तशीच खुर्चीत बसली होती.

"बाबा, कॅप्टनची यादी गेल्या आठवड्यातच लागली. माझं नाव नाही."

झालं! अर्ध्या इंद्रपुरी कॉलनीत पोरगी कॅप्टन झाल्याचे पेढे जाऊन बसले होते. थोडा दम धरवेल तर शपथ.

गोपीनाथ कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर एकच तुणतुणं: आमच्याकडे खुर्ची झिजवली की प्रमोशन, काम गेलं चुलीत. म्हणून तर कोटऱ्याचा प्लॉट विकून पोरीला पायलट केलं. तिथे हातातलं काम बघतात, नोकरीची वर्षं नाहीत, असं ते चारचौघांत सांगत. खरं तर तिथेही नंबरच, जो आधी रुजू झाला तो आधी कॅप्टन, असंच चाले. यंदा कंपनीने नियम बदलला. आता मेरिट, म्हणजे मुलाखत. आणि वैजयंतीच्या दोन वर्षं मागून आलेला मुलगा कॅप्टन झाला.

"गुण कमी पडले असतील," गोपीनाथ म्हणाले. चेहरा उतरला होता, पण माघार घेतील तर ते गोपीनाथ कसले.

गुण कुठे कमी पडले ते वैजयंतीने सांगितलं. हिवाळ्यात एकदा विमान उतरत असताना वेग फार होता. शेजारी बसलेल्या कॅप्टनला दोनदा सांगून झालं, तेव्हा ती मोठ्याने 'गो-अराउंड' म्हणाली. म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. सहवैमानिक असं म्हणाला की कॅप्टनला ऐकावंच लागतं. त्याने ऐकलं, आणि मनात ठेवलं. मुलाखतीला तोच समोर होता. 'स्वभाव' या रकान्यात तिचे गुण गेले. आपला नंबर डावलला म्हणून तिने तक्रार केली, तर आता कंपनी म्हणते, तक्रार मागे घ्या, पुढच्या खेपेला बघू. उत्तर आजच द्यायचं होतं.

"मग घे मागे. नंबर नंबर काय करतेस कारकुनासारखी?"

"आणि तुम्ही पेढे कशाच्या भरवशावर वाटलेत, बाबा? यंदा हिचा नंबर आहे, म्हणूनच ना?"

स्वयंपाकघरात वैजयंतीची आई लीलाबाई मेथी निवडत होत्या, त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. मेरिटचं हे पुराण ऐकून त्यांचे कान किटले होते.

"कारखान्यात एकदा मार्चअखेरीला, माल पाठवायच्या घाईत, तुम्ही मशीनचा शाफ्ट अडवला होतात. भेग आहे म्हणून. तेव्हापासून साहेब तुमच्यावर खार खाऊन होते, दरवर्षी रिपोर्ट खराब. तरी मॅनेजर झालातच ना? कशाने झालात?"

"कामाने." आवाजात जोर नव्हता.

"नंबराने. साहेबांच्या बायकोनेच मला क्लबात ऐकवलं होतं, 'नंबर आ गया था इनका, रोक नहीं पाए.' तुमचं मन मोडेल म्हणून मी बोलले नाही इतकी वर्षं."

गोपीनाथांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

तेवढ्यात वैजयंतीचा फोन वाजला. तिने कुणाकडेही न बघता उचलला. पलीकडचा कंपनीचा माणूस गोड बोलत होता, करिअरचं नुकसान होईल म्हणत होता. तिने त्याला बोलू दिलं.

"नहीं सर, शिकायत वापस नहीं लूँगी. और स्पीड ज़्यादा होगी तो फिर गो-अराउंड ही बोलूँगी."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. आता आपल्याला वर्षानुवर्षं लटकवतील, हे तिला ठाऊक होतं. लीलाबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"त्या दिवशी विमान भरलेलं होतं?" गोपीनाथांनी विचारलं.

"पूर्ण."

"तक्रारीत लिहिलंयस?"

"हो."

गोपीनाथ खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"वाचलेल्यांत तो कॅप्टनही होता, हे लिहिलं नसशील. तेही लिही."