सुकरीचं झाड

खराटा एका बाजूनं झिजलेला होता. एका कडेच्या काड्या दुसरीपेक्षा चांगल्या चार बोटं आखूड होत्या आणि मधला उतार विळ्यानं कापल्यासारखा सरळ होता. सुकरीनं तो आधी उजव्या हातात धरला, तेव्हा निम्म्या काड्या अधांतरी राहिल्या. डाव्या हातात घेतला, तसा तो अख्खा जमिनीला टेकला.

ती लिहायची उजव्या हातानं, जेवायची उजव्या हातानं. झाडायची मात्र डाव्यानं. डेन्मार्कच्या घरी यावरून सगळे तिला हसत. तिथल्या आईनं एकदा डॉक्टरांनाही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, असेल काही आनुवंशिक. पण काल संध्याकाळी नीलाबाईनं तिच्यासाठी अंगणात खाट टाकण्याआधी जागा झाडून घेतली होती, तेव्हा सुकरी तिच्या हाताकडेच बघत राहिली होती. नीलाबाई डावखुरी होती.

दहा महिन्यांची असताना चंद्रपूरच्या एका संस्थेनं तिला कुरखेड्याच्या पुढच्या या गावात नीलाबाईकडे सांभाळायला दिलं. शुक्रवारी आली म्हणून सुकरी. पाच वर्षांची झाली तेव्हा संस्थेची जीप आली आणि तिला परदेशी आईबापांकडे घेऊन गेली. त्याला बावीस वर्षं झाली. सांभाळणाऱ्या बाईला पोरानं 'आई' म्हणायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. म्हणून ती 'बाई' म्हणायची. काल बसमधून उतरल्यावरही तोंडातून तेच आलं.

आणि कालपासून ती पाहुणी होती. तिला प्लास्टिकची खुर्ची, बाटलीतलं पाणी, वेगळं ताट. कशालाही हात लावला की "राहू दे, राहू दे." ती तीन वर्षं पुण्याच्या बाईंकडून कॉम्प्युटरवर मराठी शिकली होती. तिचं बोलणं ऐकून शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ही तं बातम्या देल्यावानी बोलते वो!"

म्हणून पहाट फुटताच, नीलाबाई पाण्याला गेलेली पाहून, तिनं खराटा उचलला आणि घरामागच्या मोहाखाली गेली. "ते तुहं झाड," एवढंच काल नीलाबाईनं बोट दाखवून सांगितलं होतं. झाडाला अजून फुलं लागायची होती. खाली पाचोळ्याचा घोटाभर थर. बुंध्यापासून बाहेर, गोल गोल, पाचोळा कडेला ढकलत जायचं, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तीन भाग झाडून झाले. चौथा राहिला होता.

"ओ मॅडम! हे काय करून राह्यली तुमी?"

नीलाबाईचा दीर पत्रू बांधावरून धावत येत होता.

"झाडते आहे," सुकरी म्हणाली. "बाईंचं काम थोडं हलकं होईल म्हणून."

"पाहुणीनं मोहाखाली झाडत असते का कुठी?" पत्रू ओरडला, तशी आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली.

तिला खरंच ठाऊक नव्हतं. या गावात फुलं गळायच्या आधी झाडाखाली जो झाडेल, त्या वर्षीची फुलं त्याची. आणि झाडायचं ते घरच्याच माणसानं. घरातल्या प्रत्येक पोरीच्या नावानं एक मोह असे. लग्न होईस्तोवर तो तिचा. पाहुण्यानं खराटा फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवणं.

नीलाबाई आली. डोक्यावरची पाण्याची गुंडी तिनं शांतपणे उतरवली. "झाडलं तं झाडलं. तुहे हात झडले काय, पत्रू?"

"वहिनी, बावीस वर्सं तू गेलेल्या पोट्टीच्या नावानं हे झाड झाडून राह्यली. आमी काई बोललो नाई. औंदा ठरलं होतं का नाई, झाड माह्या नातीच्या, दिव्यानीच्या नावानं करायचं म्हणून?"

"तू ठरवलं होतं. मी कुठी हो म्हटलं?"

लटारूभाऊंना बोलावणं गेलं. गावात वयानं आणि शब्दानं मोठे ते. मोहाच्या मुळीवर बसून त्यांनी झाडलेली जागा पाहिली, मग सुकरीला पाहिलं.

"बाई, लगन झालं का तुमचं?"

"नाही."

"मंग झाड चालू आहे," मागून कोणीतरी म्हणालं आणि हसू उसळलं. पत्रू मात्र हसला नाही.

"पोट्टी घरातली असन तं! हिचे देव कोणते, कूळ कोणतं, कोणाले ठाऊक आहे? चार वर्सं भात खाऊ घातला म्हणून पोट्टी आपली होते का?"

सुकरीसोबत संस्थेची रंजीता आली होती. वाद मिटावा म्हणूनच ती बोलली, "अहो, त्याचा कागद आहे ना. यांच्या जन्मदात्रीचं नाव, गाव, कूळ, सगळं पाकिटात आहे. यांनीच ते उघडलं नाही दोन वर्षं."

सगळ्यांच्या नजरा सुकरीच्या पाठीवरच्या पिशवीकडे गेल्या. पाकीट तिथंच होतं, पासपोर्टाला चिकटून; म्हणून झाडतानाही तिनं पिशवी उतरवली नव्हती. दोन वर्षांत तिनं ते कितीदा टेबलावर ठेवलं होतं. एकदा तर किटलीच्या वाफेवर धरलं आणि डिंक सुटायच्या आत मागे घेतलं. तिथली आई म्हणे, उघड. मैत्रिणी म्हणत, उघड, म्हणजे तू कोण ते कळेल. ती कोण, हे जणू तिला सोडून बाकी सगळ्या जगाला कळायचं राहिलं होतं.

लटारूभाऊंनी मान हलवली. "झालं मंग. उघडा. आपल्यातली निघाली तं झाड हिचं, पत्रू पुन्हा तोंड उघडणार नाई. नाई निघाली तं दिव्यानीचं. कबूल?"

"कबूल," पत्रू लगेच म्हणाला.

सुकरीनं पाकीट काढलं. ते हातात फार हलकं होतं, एका कागदाचं असेल. तिनं नीलाबाईकडे पाहिलं.

"उघड पोरी," नीलाबाई म्हणाली. "मले राग नाई येत. जिनं जलम देला तिचंही नाव कोणी तं घ्यावं." पण तिनं खराटा उचलून घेतला होता आणि उगाचच त्याच्या काड्या तळहातावर ठोकून सारख्या करत होती. त्या काही सारख्या होत नव्हत्या.

सुकरीनं मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या. कागदात हवं ते कूळ निघालं, तर झाड कागदानं दिलं. नको ते निघालं, तर कागदानं नेलं. दोन्हीकडे बावीस वेळा झाडलेली ही जमीन हिशेबात कुठंच येत नव्हती. आणि ती डावखुरी बाईसुद्धा.

"उघडा ना मॅडम," पत्रू म्हणाला. "भेव लागते काय?"

तिनं पाकीट होतं तसं पिशवीत ठेवलं. नीलाबाईच्या हातातून खराटा घेतला, डाव्या हातात, आणि राहिलेल्या चौथ्या भागावरून फिरवू लागली. कोणी अडवलं नाही. पत्रूच्या पायापाशी आली तेव्हा ती थांबली. क्षणभर वाट पाहून त्यालाच दोन पावलं मागे सरावं लागलं. शेवटचा पाचोळा कडेला गेला, तेव्हा ती कमरेत सरळ झाली.

"तं मंग?" लटारूभाऊंनी विचारलं.

"झाड दिव्यानीला द्यायचं ठरवलं, तर द्या," सुकरी म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मी पुढच्या फाल्गुनात येऊन पुन्हा झाडेन. त्याच्या पुढच्याही. जिनं मला जन्म दिला, तिचं नाव मी झाडासाठी वापरणार नाही, तुमच्यासाठीही नाही." ती नीलाबाईकडे वळली. "ते पाकीट मी उघडणार नाही, आई."