चार बोटं उतरलेली काच

सकाळी पुन्हा ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं उतरलेली दिसली, आणि जयंतरावांची खात्रीच पटली की रात्रीतून कुणीतरी आपल्या गाडीत येऊन बसतं.

गाडी अंगणात पत्र्याखाली उभी असे. जुनीच होती, पण जयंतराव तिला स्वतः पुसत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. सदर बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. घराणं मूळचं गुरसरायचं. कितीतरी पिढ्या याच हिंदी मुलखात गेलेल्या, त्यामुळे घरात मराठी बोलली जाई, पण राग मात्र त्यांना हिंदीतूनच येई.

"कोई तो है," ते कांचनला, म्हणजे बायकोला, म्हणाले. "चावी फिरवल्याशिवाय ही काच हलत नाही. बटण दाबून बघ हवं तर. मग उतरते कशी?"

"तुम्हीच लावायला विसरत असाल."

"मी? मी रोज वरपर्यंत लावतो, हात फिरवून बघतो."

कांचनने विषय सोडला. जयंतरावांनी सोडला नाही. चाव्या दोन. एक त्यांच्या खिशात, दुसरी कपाटात. पण ही दुसरी एकदा बाहेर गेली होती. जयंतराव लग्नाला ग्वाल्हेरला गेले असताना कांचनला घेरी आली, आणि वर राहणाऱ्या सुमेधने तिला याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. जयंतराव परतल्यावर त्याने चावी हातात आणून दिली. तेव्हा जयंतरावांचे डोळे भरून आले होते. आता त्यांना आठवत होता तो बाजारातला चावीवाला, जो बघता बघता नकली चावी घासून देतो.

सुमेध रेल्वेत मालगाडीवर गार्ड होता. भुसावळचा, बदली होऊन आलेला. तो आणि त्याची बायको मयुरा वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. ड्यूटी अशी की जाण्यायेण्याला वेळ-काळ नाही. पहाटे कधी जिन्यावर बूट वाजत, कधी भर दुपारी. जयंतराव आता ते बूट ऐकत पडून राहू लागले.

गाडीत बसलं की त्यांना सगळंच वेगळं वाटायचं. सीट जरा मागे सरकलीय का? हा वास कुठल्या तेलाचा? त्यात काचेचं बटणही नीट चालेना. काच अडखळत, कण्हत वर चढे. "दाबून दाबून मोटरची वाट लावली कुणीतरी," ते म्हणाले. एका संध्याकाळी त्यांनी टायर जिथे फरशीला टेकतो तिथे खडूची रेघ ओढली. सकाळी काच उतरलेली होती, आणि रेघ जिथल्या तिथे.

"म्हणजे चालवत नाही, नुसता बसतो," त्यांनी कांचनला सांगितलं. "फोनवर बोलत असेल कुणाशी तरी. बायकोपासून लपून."

"अहो, काय बोलता! त्या दिवशी तो नसता तर माझं काय झालं असतं? भला मुलगा आहे."

"तेच तर. इतका भला कोण असतो आजकाल?"

शेवटी एका सकाळी सुमेध पांढऱ्या गणवेशात, बॅग घेऊन खाली उतरला तेव्हा जयंतराव जिन्याच्या तोंडाशीच उभे होते.

"सुमेध, गाडीची एखादी चावी तुमच्याकडे राहून तर नाही ना गेली? चुकून?"

सुमेध थांबला. "मी परत दिली की, काका. तुमच्याच हातात."

"ती दिलीत हो. मी म्हणतोय, अजून एखादी."

सुमेधचा चेहरा उतरला. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा जयंतरावांकडे. "नाही," एवढंच म्हणाला आणि फाटक ओढून निघून गेला.

त्या दिवसापासून तो खाली मान घालून जाऊ-येऊ लागला. थोड्याच दिवसांत मयुराने कांचनला सांगितलं की ते दुसरं घर बघताहेत.

"बघितलंस?" जयंतराव म्हणाले. "चोराच्या मनात चांदणं."

त्या दिवशी कांचनने त्यांचं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः जेवायला बसली नाही.

काच आता दिवसाही पुरती वर जाईना. गॅरेजमध्ये गाडी द्यायला जयंतराव तयार नव्हते. चांगला भाग काढून घेतात आणि जुना घालून देतात, असं त्यांचं ठाम मत. मग रविवारी फोनवर एक व्हिडिओ तीन-चारदा पाहून त्यांनी अंगणात जुनी चादर पसरली आणि स्वतःच गाडीचं दार खोलायला घेतलं. कांचन बहिणीकडे गेली होती.

हँडलच्या खोबणीतला स्क्रू निघाला, हाताच्या टेकणाखालचा निघाला. मग दाराचं आतलं आवरण कडेकडेने उचकटताना टक टक आवाज येऊ लागला, आणि प्रत्येक आवाजाला जयंतरावांना वाटे, काहीतरी तुटलं. आतला प्लॅस्टिकचा कागद त्यांनी सोलून काढला. पोकळीत हात घालून मोटरचे बोल्ट सैल केले मात्र, काच धाडकन खाली घसरली. त्यांनी ती एका हाताने कशीबशी पेलली. दुसरा हात आत अडकलेला. सोडली असती तर काच फुटली असती.

"अरे, कोणी आहे का?"

वर गच्चीवर मयुरा कपडे वाळत घालत होती. ती धावत खाली आली, काही न विचारता दोन्ही तळव्यांनी काच धरली आणि वर उचलली. जयंतरावांनी हात सोडवला. मनगट खरचटलं होतं.

"धरून ठेव हं," ते म्हणाले, आणि मोटर बाहेर काढून उन्हात पाहू लागले. तिच्या तोंडाशी प्लॅस्टिकचं दातेरी चाक होतं. त्याचे निम्मे दाते झिजून सपाट झाले होते. त्यांनी ते बोटाने फिरवलं. चाक अडकत नव्हतं, नुसतं घसरत होतं.

त्यांनी मोटर पुन्हा जागेवर बसवली, बोल्ट आवळले. "आता हळूच सोड."

मयुराने हात काढले. काच क्षणभर थांबली, मग कोणी न दाबता, चावी नसताना, हळूहळू खाली येऊ लागली. चार बोटं उतरली आणि रबरात घट्ट अडकून थांबली.

मयुराने ती पुन्हा वर ढकलली. काच पुन्हा तेवढीच उतरली.

"म्हणजे ही आपली आपणच उतरत होती," ती म्हणाली.

जयंतरावांच्या मनात आधी आलं ते हे की, हिने पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. गुपचूप चाक बदललं असतं, ते दोघे गेले असते, कुणाला काही कळलं नसतं. या विचाराची त्यांची त्यांनाच किळस आली.

"हो," ते म्हणाले. "आपणच."

मयुराने पदराला हात पुसले. "काका, हे तुम्ही त्यांना सांगा. मी नाही सांगणार." आणि ती जिना चढून गेली.

सुमेध दुपारी परतला. जयंतराव अंगणातच बसून होते, दाराचं आवरण तसंच चादरीवर पडलेलं. त्यांनी उठून त्याला गाडीपाशी नेलं आणि काच वर ढकलून सोडून दाखवली.

"माझं चुकलं, सुमेध. मी तुमच्यावर नाही तो आळ घेतला. हात जोडतो."

सुमेधने काच स्वतः एकदा वर ढकलून पाहिली.

"काका, तुमचा माझ्यावर संशय आहे हे तुम्ही चावीचं विचारलंत त्याच्या आधीच मला कळलं होतं," तो म्हणाला. "पहाटे ड्यूटीला जाताना मी रोज ती खडूची रेघ बघत होतो. आधी वाटलं, पंक्चरबिंक्चर असेल. मग एकदा तुम्ही खिडकीच्या पडद्याआडून बघताना दिसलात." त्याने बॅग उचलली. "दुसऱ्या घरी शब्द देऊन झालाय आता."

"तो फिरवता नाही का येणार?"

"येईल. पण मयुराला इथे राहायचं नाही."

पुढच्याच महिन्यात ते गेले. सामान चढवताना जयंतराव मदतीला गेले तेव्हा सुमेधने "राहू द्या, काका" म्हटलं, रागाने नव्हे, पण म्हटलं.

कांचन मात्र मयुराला सोडेना. महिन्यातून एकदा-दोनदा ती तिच्याकडे जाई. जयंतराव तिला गाडीतून सोडत आणि फाटकाबाहेर थांबून राहत. आत या म्हणून कुणी म्हणत नसे, आणि बोलावल्याशिवाय जायचा त्यांना हक्क वाटत नसे. अशी थंडी गेली, होळी गेली. वैशाखातल्या एका दुपारी ते असेच कडुलिंबाच्या विरळ सावलीत उभे होते. फाटक वाजलं. सुमेध बाहेर आला होता, बनियनवर, हातात पाण्याचा तांब्या.

"या उन्हात लू लागेल, काका," तो म्हणाला. "आत चला."

जयंतरावांनी तिथेच उभ्याने पाणी प्यायलं, आणि मग त्याच्या मागोमाग आत गेले.